स्वायत्ततेतील ‘स्व’ कोणाचा?

गेल्या वर्षी आपल्या शहरातील एका महाविद्यालयाला स्वायत्त दर्जा मिळाला. तेथील मराठीच्या अभ्यासमंडळावर मी बाहेरचा तज्ज्ञ म्हणून आहे. निवृत्त माणसाच्या वाट्याला अशी निमंत्रणे येत असतात. दर्जा मिळाल्याच्या आनंदात समारंभ झाला. हारतुरे झाले, स्वागतगीत झाले. प्राचार्य म्हणाले, ‘‘आजपासून आपण कोणाचे मिंधे नाही.’’ मग विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला सांगण्यात आले. बी. ए. द्वितीय वर्षाची एक मुलगी मागच्या रांगेतून उठली आणि म्हणाली, ‘‘सर, आता आमचे पेपर कोण तपासणार?’’

सभागृह हसले. व्यासपीठावरून उत्तर आले, ‘‘आपलेच प्राध्यापक तपासतील, बाळ. बाहेरच्यांची आता गरजच उरली नाही.’’ टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली. ती हसली नव्हती, हे मी पाहिले. तिच्या न हसण्याचे कारण मला माझ्या विद्यार्थिदशेपासून ठाऊक आहे आणि म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

स्वायत्तता हा शब्द आज सगळीकडे ऐकू येतो. महाविद्यालये स्वायत्त होत आहेत, संस्था स्वायत्त आहेत, ग्रामपंचायतींना स्वायत्तता हवी आहे, प्रदेशाला हवी आहे, कलेला तर ती केव्हापासूनच हवी आहे. शब्द एकच असला म्हणजे अर्थही एकच असतो अशी आपली समजूत होऊन बसते. वास्तविक ‘आयत्त’ म्हणजे अधीन, ताब्यातले. ‘स्वायत्त’ म्हणजे स्वतःच्या अधीन. ज्या युरोपीय संकल्पनेसाठी आपण हा शब्द योजतो तिच्या मुळाशीही ‘स्व’ आणि ‘नियम’ असे दोन ग्रीक शब्द आहेत. माणसाने आपला नैतिक नियम आपल्याच विवेकातून घ्यावा, असे कांट म्हणाला तेव्हा त्याच्यापुढे एकेकटा माणूस होता. आपल्याकडे मात्र हा शब्द संस्थेला, गावाला, प्रदेशाला लावला जातो, आणि त्या ‘स्व’च्या पोटात कोण कोण आहे व त्यांतला नियम करणारा कोण, हे विचारायचे राहून जाते. आपल्या बोलीतला ‘आयता’ हा शब्द कानाला याच्या अगदी जवळचा वाटतो. व्युत्पत्तीचे काय असेल ते असो; पण ज्यांना बरेच काही आयते मिळालेले असते तेच स्वायत्ततेविषयी अधिक मोठ्याने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आधी त्या मुलीचा प्रश्न घेऊ. मी खेड्यातून या शहरात शिकायला आलो तो नागसेनवनात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले, तेव्हा हा भाग नुकताच निजामाच्या राजवटीतून सुटला होता. आमच्यासारख्यांच्या घरात शाईची दौत पहिल्यांदा आली ती त्या महाविद्यालयामुळे. तेथे आम्हाला आपले म्हणणारे शिक्षक मिळाले. पण मला आज आठवतो तो विद्यापीठाचा बैठक क्रमांक. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. कोठल्या तरी दूरच्या गावी, मला जन्मात न पाहिलेला परीक्षक माझे अक्षर वाचणार आणि गुण देणार. गावच्या शाळेत मी वर्गाच्या बाहेरच्या बाजूला बसलेला होतो. गुरुजींना माझे घर कोणत्या वस्तीत आहे हे माझ्या नावाच्याही आधी ठाऊक होते. म्हणून त्या आकड्याने मला जे दिले ते कोणा आप्तानेही दिले नव्हते. परक्याच्या हाती माझा निकाल होता आणि त्या परकेपणातच माझी सुटका होती.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) स्वायत्त महाविद्यालयांची शिफारस केली, त्यामागचा हेतू चांगला होता. शंभर महाविद्यालयांना एकाच अभ्यासक्रमाच्या घाण्याला जुंपू नये, शिकवणाऱ्याने काय शिकवायचे ते ठरवावे. याला कोण नाही म्हणेल? स्वायत्त महाविद्यालयात पदवी विद्यापीठाचीच असते, आरक्षणही कायम असते. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल मात्र महाविद्यालयाचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर संलग्नतेची पद्धतच टप्प्याटप्प्याने संपवायची असे ठरवले आहे. माझ्याच अभ्यासमंडळाने पहिल्या वर्षाला बाबुराव बागुलांच्या कथा लावल्या आणि त्यासाठी कोणाच्या दारात जावे लागले नाही. याचा मला आनंद आहे. परंतु त्याच बैठकीत अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वाढवले गेले. अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव असते. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणी भरला आहे, तो कोणत्या रकान्यात भरला आहे, हे विभागात सगळ्यांना माहीत असते. सर्वच प्राध्यापक दुजाभाव करतात असे मी म्हणत नाही. पण ज्याला आयुष्यभर नावानिशी मोजले गेले, त्याला आकडा का हवासा वाटतो, हे व्यासपीठावर बसलेल्यांना कळले नाही. म्हणून सभागृह हसले.

हा अनुभव एकट्या शिक्षणाचा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे म्हटले ते आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. स्वयंपूर्ण, स्वयंशासित खेडे हा राज्यरचनेचा पाया असावा असा आग्रह गांधीवाद्यांचा होता. बाबासाहेबांनी तो नाकारला आणि व्यक्ती हा घटक मानला. पुढे अनुच्छेद ४० ने ग्रामपंचायतींना मार्गदर्शक तत्त्वांत जागा मिळाली, तो भाग वेगळा. बाबासाहेब केंद्रसत्तेचे भक्त होते म्हणून त्यांनी असे म्हटले काय? नव्हे. ज्या खेड्याच्या स्वायत्ततेचे गोडवे गायिले जात होते ते कशावर चालत होते, हे त्यांना ठाऊक होते. येसकराने रात्री गस्त घालावी, मेलेले ढोर ओढावे, सांगावा घेऊन दुसऱ्या गावी पळावे, आणि बलुते म्हणून खळ्यावरचे उरलेसुरले मागावे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली विधेयक आणले. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने कायद्याने जायला १९५८ उजाडले. गाव स्वतःच्या अधीन होते ते आम्हाला आपल्या अधीन ठेवून. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून सरपंचपदाच्या खुर्चीला आरक्षण आले, तेही गावाने आपण होऊन दिले नाही. दिल्लीच्या संसदेने दिले. जवळचा न्यायाधीश नको, दूरचा द्या, ही मागणी वरवर पाहता पारतंत्र्याची वाटते. ज्याला जवळच्याने छळले आहे त्याची ती स्वातंत्र्याची मागणी असते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग तुम्ही स्वायत्ततेच्या विरोधातच आहात. तसे असते तर लेख येथेच संपला असता. पण ज्या माणसाने गावाची स्वायत्तता नाकारली त्यानेच सोळा वर्षांपूर्वी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितला होता. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात तो मिळाला. २४ सप्टेंबरला पुण्यात करारावर सह्या झाल्या आणि तो गेला. निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा होत्या, करारात १४८ झाल्या. हे आकडे सांगून आम्हाला नेहमी समजावले जाते की दुपटीहून अधिक मिळाले. जागा वाढल्या हे खरे. पण कोणाला निवडायचे याचा शेवटचा शब्द आमच्याकडून गेला. करारात एक पायरी ठेवली होती : राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडावेत, मग त्यांतून एकाला सर्वांनी मिळून निवडावे. म्हणजे आमच्या चौघांतून इतरांना सर्वांत कमी अडचणीचा कोण, हे इतरांनी ठरवायचे. पुढच्या राज्यघटनेत ही प्राथमिक निवडणुकीची पायरीही राहिली नाही. आज राखीव मतदारसंघातून निवडून आलेला आमचा माणूस आमच्या वस्तीवर हल्ला झाल्यावर गप्प का बसतो, असे तरुण कार्यकर्ते संतापाने विचारतात. तो गप्प बसतो कारण त्याचा पेपर आपण तपासत नाही.

एके ठिकाणी बाबासाहेब जवळचा परीक्षक नाकारतात, दुसऱ्या ठिकाणी आपला परीक्षक आपण निवडू असे म्हणतात. यात विसंगती पाहणाऱ्यांनी ती खुशाल पाहावी. मला दोन्हीकडे एकच सूत्र दिसते. ज्याच्यावर निकाल लागायचा त्याला निकाल लावणारा निवडण्यात वाटा आहे की नाही, एवढेच ते विचारत होते.

हा प्रश्न मराठी साहित्यात आणला म्हणजे गोष्ट अवघड होते, आणि येथे मला आपल्या मंडळींशीही थोडे भांडायचे आहे. मराठीत साहित्याच्या स्वायत्ततेचा वाद मर्ढेकरांपासून सुरू होतो असे वर्गात शिकवले जाते. मीही पंचवीस वर्षे तसेच शिकवले. आज मला वाटते की तो १८८५ साली सुरू झाला. त्या वर्षी ग्रंथकारांच्या सभेचे रानड्यांचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्राने नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. सभा ग्रंथकारांची, फुले स्वतः ग्रंथकार. तरी त्यांनी त्या सभेला आपला निकाल लावू दिला नाही. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले, त्याची वाट या पत्रातून निघते.

मर्ढेकरांकडे वळू. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली आणि कलाकृतीचे मोल नीतीने वा उपयुक्ततेने ठरत नाही असे बजावले. आमच्या पिढीने या भूमिकेची टिंगल केली. पोट भरलेल्यांचे सौंदर्यशास्त्र, असे म्हणून आम्ही पुस्तक मिटले. त्या वेळी आम्ही एक गोष्ट लक्षात घेतली नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर (१९४७) अश्लीलतेचा खटला झाला होता. त्यांच्या कवितेचा पेपर कोर्टाने तपासायला घेतला होता. कवितेची तपासणी कवितेच्याच नियमाने व्हावी, हे त्यांना केवळ तत्त्वज्ञानातून सुचले असेल असे मला वाटत नाही. कवीला पोलिसापासून वाचवणारी ती ढाल होती, आणि पुढे आमच्या कवींनाही ती लागलीच.

बिघडले ते नंतर. ढाल मर्ढेकरांच्या हातून समीक्षकांच्या हातात गेली आणि तिचा दरवाजा झाला. बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आणि दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा त्या दरवाज्यावर नेहमीचेच शब्द ऐकू आले : आक्रोश आहे, कलात्मकता नाही, अनुभव आहे, अलिप्तता नाही. अलिप्तता हा निकष कोणाच्या जगण्यातून आला, हे विचारण्याची त्यांना गरज भासली नाही. ज्याच्या अंगावर विंचू चढलेला नाही त्याला विंचवाचे वर्णन अलिप्तपणे करता येते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त (१९७४) सौंदर्यविचाराला दोन ध्रुव आहेत आणि त्यांतला एकच धरून चालत नाही, असे साक्षेपाने दाखवले होते. पण त्या ग्रंथातली ही गोष्ट दैनंदिन समीक्षेत उतरली नाही.

‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. आमच्यातले काही जण अजून विचारतात, दलित कवीच्या पहिल्या संग्रहाला सवर्ण नाटककाराची शिफारस कशाला? प्रस्तावना पुन्हा वाचून पाहा, असे मी त्यांना सांगेन. तेंडुलकर तेथे परीक्षक म्हणून बसलेले नाहीत. या कवितेतले अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत, हे जग आपल्याला ठाऊक नाही, अशी कबुली ते देतात आणि ते जग कवीकडून समजून घेतात. मराठीतील एका प्रतिष्ठित लेखकाने शब्दांचे अर्थ विचारावेत आणि कामाठीपुऱ्यातल्या कवीने ते सांगावेत, हे मराठी समीक्षेत मला पूर्वी घडलेले दिसत नाही. कवितेची स्वायत्तता जर कोठे दिसली असेल तर ती तेथे. कविता स्वतःच्या शब्दकोशासह उभी राहिली आणि वाचणाऱ्याने आपली जागा बदलली.

आता भांडण. प्रस्थापितांचा परीक्षक नाकारल्यावर आम्ही आमचा नेमला. वेगळे निकष हवेत, ही मागणी रास्तच होती. शरणकुमार लिंबाळ्यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) लिहून तिला पुस्तकाचे रूप दिले. पण व्यवहारात काय झाले? कविता आंबेडकरी आहे की नाही, तिच्यात बुद्ध आहे की मार्क्स, कवी कोणत्या गटाचा, तो कोणाच्या व्यासपीठावर गेला, अशा प्रश्नांच्या उत्तरांवर आम्ही गुण देऊ लागलो. ढसाळांची कविता त्यांच्या पक्षांतरांच्या हिशेबात वाचणारे लेख मी अनेक वाचले. एक तरुणपणी लिहिलाही. चळवळीशी बांधिलकी वेगळी आणि चळवळीची आयत्तता वेगळी. ज्या कवितेला आधी कार्यकर्त्याची सही लागते ती कविता कोर्टाची सही लागणाऱ्या कवितेहून फारशी मोकळी नाही. हे लिहिल्याबद्दल मित्र रागावतील. त्यांनी रागवावे आणि मग उत्तर लिहावे.

प्रादेशिक स्वायत्ततेविषयी येथे फार लिहीत नाही, कारण त्या जखमेवर पुष्कळ लिहून झाले आहे. मराठवाडा मागास राहिला, त्याच्या वाट्याचा पैसा इतरत्र गेला, ही तक्रार खोटी नव्हती. अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. पण २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा हीच ‘मराठवाड्याची अस्मिता’ पेटती चूड घेऊन आमच्या वस्त्यांत आली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. ते मराठवाड्याचे नव्हते काय? प्रदेशाचा ‘स्व’ मोजताना त्यांचे डोके मोजले गेले नव्हते. १४ जानेवारी १९९४ ला नाव आले तेही नामांतर म्हणून नव्हे, नामविस्तार म्हणून.

पैशाच्या स्वायत्ततेचेही दोन शब्दांत सांगतो. १२ ऑगस्ट २००५ रोजी इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांवर शासनाला आपले आरक्षण लादता येणार नाही. संस्थेच्या स्वायत्ततेला त्याने बाध येतो. खटला आपल्याच महाराष्ट्रातला. ९३ वी घटनादुरुस्ती करून संसदेला अनुच्छेद १५(५) आणावा लागला. खाजगी संस्थांबाबत तो २०१४ मध्ये न्यायालयात टिकला. कायद्याने दार उघडले तरी शुल्काचे कुलूप राहतेच, हे पालकांना सांगायला नको.

बाबासाहेबांनी आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. नागसेनाने त्याला रथाची गोष्ट सांगितली : चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे; आणि यांना सोडून वेगळा असा रथही नाही. आम्ही नागसेनवनाच्या झाडांखाली ही गोष्ट ऐकली. पण आपल्या ‘आम्ही’ला लावून पाहिली नाही. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते घरातल्यांपासून लपवून. वीसेक वर्षे ती पाने दडवून ठेवलेली होती. पुस्तक १९८६ मध्ये आले. आमची चळवळ प्रस्थापितांकडे स्वतःच्या शब्दाचा हक्क मागत होती त्याच काळात आमच्याच घरांत एक बाई आपली वही लपवत होती. तिच्या वहीचा परीक्षक कोण होता, हे सांगायला आम्हा पुरुष समीक्षकांना बराच वेळ लागला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) लिहिले. त्या नावातला ‘ही’ आम्हालाच उद्देशून होता, असे मी समजतो.

त्या समारंभानंतर अभ्यासमंडळाची बैठक झाली. मी एक ठराव लिहून नेला होता. अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा. प्रत्येक विषयाच्या निम्म्या उत्तरपत्रिका दुसऱ्या महाविद्यालयातील शिक्षकांनी तपासाव्यात. आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला मागितल्यावाचून दाखवावी. चहा आला, चर्चा झाली. सूचना चांगली आहे, पण बाहेरचे परीक्षक आणणे स्वायत्ततेच्या तत्त्वाशी विसंगत होईल, असे एका सदस्याचे मत पडले. दुसऱ्याने खर्च काढला. सांकेतिक क्रमांकाला कोणी उघड विरोध केला नाही. तेवढ्यासाठी कर्मचारी कोठून आणायचे, असा प्रश्न मात्र निघाला. तपासलेली उत्तरपत्रिका दाखवण्याचा भाग मंजूर झाला. बाकीचा ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब, अशी इतिवृत्तात नोंद आहे.

बैठकीतून बाहेर पडताना ती मुलगी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली. तिला तिसऱ्या वर्षात बागुल आहेत का, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘‘आमच्या बॅचला जुनाच अभ्यासक्रम आहे सर. ते पुस्तक मी वाचलंय पण.’’